शेंग पाच मिलिमीटरची झाली की

सोयाबीनच्या पानाखाली तांबेऱ्याची पहिली पुटकुळी दिसते, तेव्हा रोग नुकताच आलेला नसतो. साधारण आठवडाभर आधी वाऱ्याबरोबर आलेला बीजाणू ओल्या पानावर पडलेला असतो. सहा-आठ तास ओल मिळाली की तो रुजतो, पानाची त्वचा भेदून आत शिरतो आणि पेशींतले अन्न खात वाढू लागतो. बाहेरून पान हिरवेगारच असते. मग ठिपका उमटतो, दोन-तीन दिवसांत तो फुटतो आणि तपकिरी भुकटी बाहेर पडते. त्या भुकटीचा कण न् कण म्हणजे नवा बीजाणू. शेतकरी पान उलटे करतो, बोटाला भुकटी लागते आणि तो कृषी सेवा केंद्राकडे धाव घेतो. तोवर बुरशीची दुसरी पिढी शेजारच्या झाडांवर कामाला लागलेली असते.

शिरकाव आणि लक्षण यांच्यामधल्या या मुदतीला रोगशास्त्रात सुप्तकाळ म्हणतात. बुरशीनाशक कधी मारावे याचे निम्मे उत्तर या सुप्तकाळात आहे आणि निम्मे पिकाच्या वयात. आपल्याकडे चर्चा होते ती औषध कोणते, कंपनी कोणती, पंपाला किती मिली याची. तारखेचा विषय निघालाच तर शेजाऱ्याने कधी मारले यावर येऊन थांबतो. एकच औषध, एकच प्रमाण, पण पंधरा दिवसांच्या फरकाने मारले तर एका शेतात पैसे वसूल होतात आणि दुसऱ्यात पाण्यात जातात. सोयाबीन आणि मका या दोन पिकांत हे जितके ठळक दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

आधी औषधाचा स्वभाव पाहू. या पिकांवर मारल्या जाणाऱ्या बुरशीनाशकांत दोन मोठे गट आहेत. पहिला स्ट्रोबिल्युरिनचा: अझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन वगैरे. याचे मूळ एका बुरशीतच सापडले. पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर एक लहानशी अळंबी उगवते, आणि आपल्या खाद्यावर दुसऱ्या बुरशीने हक्क सांगू नये म्हणून ती एक द्रव्य सोडते. १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. पुढे त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत रेणू बनले आणि १९९६ पासून ते बाजारात आले. हे औषध बुरशीचा श्वसनव्यवहार बंद पाडते. बीजाणूला सर्वांत जास्त ऊर्जा लागते ती रुजताना, म्हणून स्ट्रोबिल्युरिनचा खरा मार रुजणाऱ्या बीजाणूवर बसतो. बुरशी एकदा आत स्थिरावली की त्याची धार कमी होते. दुसरा गट ट्रायझोलचा: टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल. हे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा घटक तयार होऊ देत नाहीत आणि नुकत्याच आत शिरलेल्या बुरशीलाही काही दिवसांपुरते रोखतात. म्हणूनच अलीकडे दोन्हींची जोड असलेली मिश्रणे जास्त खपतात.

पण मेलेले पान यांतले कोणतेही औषध जिवंत करत नाही. फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानाला त्याचे पुरेसे संरक्षण मिळत नाही, आणि वरच्या पानावर पडलेले औषध झाडातून खाली उतरून खालच्या पानापर्यंत जात नाही. ज्या पानावर पडले त्या पानापुरते, दोन ते तीन आठवडे. एवढाच त्याचा पल्ला.

आता हिशोब करा. सोयाबीन शंभर दिवसांचे, मका शंभर-एकशे दहा दिवसांचा. औषधाचे कवच तीन आठवड्यांचे. मग हे तीन आठवडे कोणते निवडायचे?

उत्तर दाणा भरण्याच्या काळात आहे. सोयाबीनला पहिल्या महिन्यात जी पाने असतात, ती दाणा भरताना गळून गेलेली किंवा सावलीत पिवळी पडलेली असतात. ती वाचवून हाती काहीच लागत नाही. शेवटच्या पंधरवड्यात पाने आपणहून पिकतात, तेव्हाही वाचवण्यासारखे काही उरत नाही. मधला काळ मात्र मोलाचा. शेंगा धरताहेत, दाणे आकार घेताहेत आणि झाडाच्या मधल्या-वरच्या भागातली पाने त्यांना रोजचे अन्न पुरवताहेत. ही पाने त्या चार-पाच आठवड्यांत जितकी हिरवी राहतील तितका दाणा भरतो. मक्यात हेच काम कणसाजवळचे पान आणि त्याच्या वरची पाने करतात. दाण्यातला बराचसा स्टार्च तिथूनच येतो. बुडाच्या पानांवर करपा आला म्हणून जीव घाबरा करायचे कारण नाही, पण तो कणसाच्या पानाकडे चढू लागला तर लगेच हालचाल करायला हवी.

पिकाचे वय दिवसांवर मोजले तर फसगत होते. लवकर येणारा वाण, उशिरा पेरलेले पीक, जुलैत पडलेला खंड, या सगळ्यांमुळे पन्नासावा दिवस प्रत्येक शेतात वेगळ्या झाडाला भेटतो. यासाठी अमेरिकेत वॉल्टर फेर आणि चार्ल्स कॅव्हिनेस यांनी १९७७ साली सोयाबीनच्या वाढीचे टप्पे नेमके ठरवले, आणि आज जगभर तेच वापरतात. पानांचे टप्पे ‘व्ही’ने सुरू होतात, फुला-शेंगांचे ‘आर’ने. आर-१ म्हणजे मुख्य खोडावर कुठेही पहिले फूल. आर-३ म्हणजे शेंग धरायला सुरुवात. सोयाबीनवरच्या बहुतेक पानरोगांसाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वर्षानुवर्षांच्या चाचण्यांत एकाच फवारणीचा सर्वांत चांगला मोबदला मिळतो तो या आर-३ च्या आसपास.

तो ओळखायला यंत्र लागत नाही. झाडाचे मुख्य खोड धरा आणि शेंड्याकडून खाली या. ज्या पेरावरचे पान पूर्ण उलगडले आहे ते सर्वांत वरचे पेर पहिले समजा आणि तिथून खाली चार पेरे मोजा. पानाच्या बगलेतली सुकत आलेली फुले बोटाने बाजूला करा. या चारपैकी एका जरी पेरावर पाच मिलिमीटरची, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी शेंग दिसली, तर ते झाड आर-३ मध्ये आले. खालच्या पेरांवर याहून मोठ्या शेंगा असतील, त्या इथे धरायच्या नाहीत. बांधालगतची झाडे सोडून शेताच्या आत पाच-सहा ठिकाणी मिळून दहा-वीस झाडे पाहा. निम्म्या झाडांवर अशी शेंग असेल तर शेत आर-३ मध्ये आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेल्या आपल्याकडच्या मध्यम मुदतीच्या वाणांत हा दिवस बहुधा ऑगस्टच्या मध्याला किंवा थोडा पुढेमागे येतो.

आपल्याकडचा प्रघात याच्या अगदी उलट आहे. पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी पहिला पंप निघतो. त्यात अळीचे औषध, बुरशीनाशक आणि टॉनिक असे सगळे एकत्र असते. अळीचे औषध त्या वेळी गरजेचे असू शकते, खोडमाशी आणि चक्रीभुंगा हे खरे शत्रू आहेत. पण त्या वयातल्या झाडाची पाने दाणा भरण्याच्या वेळी उपयोगाची नसतात आणि औषधाचा असर तोवर केव्हाच संपलेला असतो. अमेरिकेतही तणनाशकाबरोबर एका फेरीत काम उरकावे म्हणून मक्याच्या पाचव्या-सहाव्या पानावर बुरशीनाशक मारण्याचा सल्ला काही वर्षे दिला गेला. तिथल्या चाचण्यांत त्या फवारणीचा खर्च क्वचितच निघाला. रोपावस्थेत रोपमर आणि मूळकूज रोखायची तर बीजप्रक्रिया करावी. ती स्वस्त आहे आणि वेळेवरही. वीस दिवसांच्या सोयाबीनवरचे बुरशीनाशक हा माझ्या मते आपल्या खरिपातला सर्वांत सहज वाचवता येणारा खर्च आहे.

मक्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती समजायला अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मक्याच्या पट्ट्यात जावे लागते. तिथे २०१५ साली इंडियाना आणि इलिनॉय राज्यांत ‘टार स्पॉट’ नावाचा रोग पहिल्यांदा आढळला. पानावर डांबराचे शिंतोडे उडावेत तसे काळे, उठावदार ठिपके, बोटाने घासले तरी न जाणारे. मेक्सिकोत ही बुरशी १९०४ पासून नोंदलेली होती. उत्तरेत ती आल्यावर तीन वर्षे फारसे काही घडले नाही आणि २०१८ मध्ये ऐन हंगामात तिने शेते वाळवून टाकली. हवामान थंड आणि पान रात्रभर ओले, एवढे तिला पुरते. शिरकावापासून ठिपक्यापर्यंत दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे सोयाबीनच्या तांबेऱ्याहून सुप्तकाळ लांब. ठिपके दिसण्याची वाट पाहणारा इथे हमखास उशिरा पोचतो.

तिथल्या अनेक राज्यांतल्या विद्यापीठांनी मिळून चाचण्या घेतल्या. तुरा बाहेर पडण्यापासून दाणा दुधाळ होईपर्यंतच्या काळातली एक फवारणी सर्वांत चांगली ठरली. त्याच्या बरेच आधी मारले तर असर रोगाचा जोर येण्याआधी संपतो, दाणा पिठाळ झाल्यावर मारले तर वाचवायला फारसे उरत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाने हवामानाच्या आकड्यांवरून धोका सांगणारे ‘टारस्पॉटर’ नावाचे मोबाइल अ‍ॅप शेतकऱ्यांना दिले. पिकाचा टप्पा शेतकऱ्याने पाहायचा, हवेचा अंदाज अ‍ॅपने सांगायचा आणि दोन्ही जुळले तरच विमान किंवा उंच फवारणीयंत्र बोलवायचे. घाईचा एक वेगळाच तोटाही तिथे उघड झाला. तुरा येण्याच्या आधी बुरशीनाशकात विशिष्ट प्रकारचे चिकटद्रव्य मिसळून फवारलेल्या काही शेतांत कणसे वाढताना मध्येच खुंटली. धांडोळा घेतल्यावर दोष त्या वेळच्या चिकटद्रव्याचा निघाला. आपल्याकडे प्रत्येक पंपात सवयीने स्टिकर ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सगळे रोग आर-३ ची वाट पाहत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या थंड भागात सोयाबीनवर पांढरी बुरशी येते. जमिनीतून लहान बशीसारखी फळे उगवतात, त्यांतले बीजाणू उडून सोयाबीनच्या सुकत्या पाकळ्यांवर पडतात आणि त्या मेलेल्या पाकळीवर पोसून मग खोडात शिरतात. तिथे फूल हाच दरवाजा आहे, म्हणून फवारणी पहिल्या फुलापासून शेंग धरेपर्यंतच्या काळातच करावी लागते. कापसासारखी पांढरी बुरशी खोडावर दिसल्यावर मारलेले औषध कामाचे नसते. बुरशी कोणत्या वाटेने आत येते हे कळले की फवारणीची वेळ आपोआप समजते.

महाराष्ट्रातही सोयाबीनचा एकच हिशोब चालत नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात तांबेरा हा मुख्य वैरी आहे. ही बुरशी जिवंत हिरव्या झाडाशिवाय जगत नाही. अमेरिकेत ती २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लुइझियानात सापडली, पण कडाक्याच्या थंडीत आयोवा-इलिनॉयमध्ये तिला आसरा मिळत नाही. दर वर्षी दक्षिणेच्या किनाऱ्याकडून नव्याने चढत यावे लागते, म्हणून तिथल्या कृषी खात्याने २००५ पासून दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पहाऱ्याचे प्लॉट पेरले आणि ती कुठवर आली हे शेतकऱ्याला आधीच कळू लागले. ब्राझीलमध्ये थंडी नाही. तिथे २००६ पासून राज्याराज्यांत कायद्याने दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचे एकही झाड ठेवू देत नाहीत. आपल्या कृष्णाकाठी बारमाही पाणी आहे आणि बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीनही होते. बियाण्याची गरज खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण हिरवे झाड वर्षभर राहिले की तांबेऱ्यालाही वर्षभर घर मिळते, ही त्याची किंमत आहे. या भागात पाऊस रेंगाळला, सकाळी दव आणि ढगाळ हवा राहिली, तर फुलोऱ्यापासून रोज पाने उलटून पाहायला हवीत. पहिल्या खुणेला फवारणी आणि गरज पडल्यास पंधरा दिवसांनी दुसरी, हाच तिथला शहाणपणा. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रातून आलेले फुले कल्याणी, फुले अग्रणी, फुले संगम हे वाण तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतात. असा वाण असेल तर एक फवारणी टळू शकते.

मराठवाडा आणि विदर्भात तांबेऱ्यापेक्षा शेंगा करपा आणि पानांवरचा करपा जास्त नडतात. दोन्हींना ऑगस्टची झड आणि दाटलेले पीक मानवते. इथे आर-३ ची एक फवारणी बहुतेकदा पुरते. ऑगस्ट कोरडा गेला तर तीही टाळता येते, आणि टाळावी. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्यानंतर सप्टेंबरमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन झपाट्याने पिवळे पडले. कुठे पिवळा मोझॅक होता, कुठे मूळकूज आणि खोडकूज. मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. बुरशीनाशकाच्या कितीही फेऱ्या मारल्या तरी विषाणूला त्याचे काही नाही. मूळकुजीची बुरशी जमिनीत असते, पानावरचे औषध तिथवर पोचत नाही. त्या वर्षी अनेकांनी पिवळे पान पाहून बुरशीनाशक मारले आणि आधीच गेलेल्या पिकावर आणखी पैसे घातले. झाड उपटून मूळ उभे चिरून पाहणे, पानाच्या शिरांमधला पिवळेपणा पाहणे, हे पाच मिनिटांचे काम आहे. पंप भरण्याआधी ते झालेच पाहिजे.

आपल्या मक्यावर नेहमी दिसतो तो टर्सिकम करपा. पानावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, राखाडी-तपकिरी चट्टे, आधी बुडाला, मग वर. लष्करी अळीच्या भीतीने मक्यात फवारण्या होतात त्या पहिल्या महिन्यात, आणि बुरशीनाशकही त्याच वेळी उरकले जाते. खरी गरज तुऱ्याच्या सुमारास असते. तेव्हा मका डोक्याच्या वर गेलेला असतो, पाठीवरचा पंप घेऊन ओळीत शिरणे अवघड आणि श्वासाला धोक्याचेही. ड्रोन तिथे उपयोगी पडतो, पण नोंदणीकृत औषध आणि सांगितलेले पाणी वापरले तरच.

सोयाबीनमध्येही औषध आत पोचणे महत्त्वाचे. दाटलेल्या पिकात वरवर फवारले तर मधली पाने कोरडीच राहतात. पाठीवरच्या पंपाने हेक्टरी पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागते. एकरी चार-पाच पंपांत काम उरकणाऱ्याच्या पिकावर त्याच्या निम्मेही पाणी पडत नाही. सकाळी दव ओसरल्यावर, वारा मंद असताना आणि पुढचे दोन-तीन तास उघडीप असेल तेव्हाच फवारावे. तोंडावर मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेतच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध वेगळे होते, पण सवयी त्याच होत्या, आणि त्या अजून फारशा बदललेल्या नाहीत याचे मला दुःख आहे.

गरज नसताना मारण्याचा आणखी एक तोटा आहे, तो पुढच्या वर्षांवर पडतो. सोयाबीनवरच्या ‘फ्रॉगआय’ ठिपक्यांच्या बुरशीत स्ट्रोबिल्युरिनला न जुमानणारे प्रकार अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१० साली सापडले आणि पुढे अनेक राज्यांत पसरले. ब्राझीलमधल्या तांबेऱ्याने आधी ट्रायझोलची धार कमी केली, मग नव्या गटांचीही. एकच गट हंगामात दोनदा मारू नये हा नियम तिथे महागात शिकला गेला. दाणे शेंगेत पूर्ण भरल्यावर मारलेली फवारणी तर सरळ तोट्याचीच. पाने जास्त दिवस हिरवी राहतात, काढणी लांबते आणि परतीचा पाऊस गाठतो. शिवाय लेबलवर लिहिलेला काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळही मोडतो.

राज्याकडे एक सोय आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला, त्यानंतर कृषी विभागाने ‘क्रॉपसॅप’ सुरू केले. गावोगावच्या ठरलेल्या प्लॉटांत दर आठवड्याला किडींची मोजणी होते आणि सल्ला निघतो. त्यात भर किडींवर आहे. कृष्णाकाठी तांबेऱ्यासाठी पहाऱ्याचे प्लॉट याच यंत्रणेत उभे करता येतील. नवी इमारत लागणार नाही, लागतील ते थोडे लवकर पेरलेले सोयाबीनचे काही गुंठे आणि आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहणारा माणूस.

तोवर प्रत्येकाने आपल्या शेतापुरते एक करावे. यंदा आर-३ ला फवारणी केलीत, तर शेताच्या मध्यावर चार ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवा आणि दोन्ही टोकांना खुंट्या मारून ठेवा. काढणीला त्या चार ओळी आणि लगतच्या फवारलेल्या चार ओळी वेगळ्या मळा, वेगळ्या तोला. फरकाच्या किलोंना बाजारभावाने गुणा आणि त्यातून औषध व मजुरी वजा करा. जो आकडा येईल तो वहीत पेरणीच्या तारखेसह, फवारणीच्या तारखेसह आणि ऑगस्टच्या पावसासह लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी कृषी सेवा केंद्रात जाताना ती वही बरोबर न्या.